फोंड्यात तीन वर्षांच्या मुलीसाठी बालवाडी की प्ले-स्कूल? नेमकं बघायचं काय? (मदत हवी आहे)

कुळागर

नमस्कार मंडळी,

लेक मार्चमध्ये तीन पूर्ण करेल. जूनपासून तिला कुठेतरी घालायचं आहे आणि माझं डोकं चालेनासं झालंय. मी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला, नवरा पणजीला. इतके दिवस सासूबाईंनी सांभाळली, पण आता त्यांचे गुडघे तिच्यामागे धावायला तयार नाहीत. घरात कोंकणी-मराठीची मिसळ. म्हणजे आजीकडे 'उदक दी' आणि माझ्याकडे वळून लगेच 'आई, गोष्ट सांग'.

दोन ठिकाणं बघून आलो.

पहिलं हमरस्त्याला लागून, पहिल्या मजल्यावर. एसी, भिंतभर कार्टून, मुलं मोबाइलवर दिसतील असे कॅमेरे. एका वर्गात २८ मुलं, एक टीचर, एक मावशी. आम्ही उभे होतो तेव्हा एक मुलगा दाराशी हुंदके देत होता. टीचर लांबूनच 'गुड बॉईज डोन्ट क्राय' म्हणाली आणि फळ्याकडे वळली. मग ऑफिसात आम्हाला वह्या दाखवल्या, ठिपक्यांवरून गिरवलेल्या 'ए'च्या ओळीच ओळी. दिवाळीपर्यंत लिहायला लागेल, गॅरंटी, असं सांगितलं. सासरे खूश.

दुसरं एका जुन्या घराच्या पडवीत. १४ मुलं, पन्नाशीच्या एक बाई आणि मदतीला एक तरुण मुलगी. एसी नाही, अॅप नाही, वह्याही नाहीत. मुलं चिंचोक्यांचे ढीग करत बसली होती. माझी लेक हात सोडून सरळ जाऊन त्यांच्यात बसली, ती उठेचना. पण हे १२ वाजता सुटतं. पुढे सहापर्यंत काय करू?

सासऱ्यांचं म्हणणं, लिहायला शिकवत नसतील तर फी कसली देता? मला त्यांना उत्तर देता येत नाही. चांगली बालवाडी ओळखायची कशी? अनुभवी लोकांनी कृपया सांगा.

---

पडवीतल्या बाई

सत्तरी तालुक्यात मी ३१ वर्षं बालवाडी चालवली (तुम्ही बघितलेल्या पडवीतली बाई मी नव्हे), म्हणून थोडं हक्काने लिहिते.

दोन्हीकडे पुन्हा जा. नवऱ्याला नेऊ नका, पुरुष माणूस दिसला की सगळे शहाण्यासारखे वागतात. साडेनऊ-दहाला जा, डबे उघडण्याच्या सुमारास, आणि कोपऱ्यात तासभर बसू द्या म्हणा. बसू देत नसतील तर तिथूनच परत फिरा.

भिंती बघू नका, कान द्या. बोलतंय कोण? बाईच बोलत असतील आणि मुलं एका सुरात 'येस टीचर' करत असतील तर ते कवायतीचं मैदान. मुलाने काही विचारलं की बाई त्याच्या उंचीला खाली येतात का? ते बोललं त्यावर एक वाक्य जोडतात का? 'कावळा आला' असं मूल म्हणालं की 'हो, आणि चोचीत काय आणलं बघ' असं म्हणणारी बाई मिळाली तर तिला सोडू नका. भाषा अशी वाढते, गिरवून नाही.

सांडणं बघा. तासाभरात कुणाचं तरी पाणी सांडतंच. माझ्याकडे एकदा एका मुलाने अख्खा तांब्या उपडा केला आणि भेदरून माझ्याकडे बघत राहिला. मदतनीस ओरडणार, तेवढ्यात दुसरी एक पोर म्हणाली, 'बाई, पाणी उंबऱ्याकडे का पळतंय?' मग आम्ही सगळे जमिनीला गाल लावून उतार शोधत बसलो. फडकं नंतर त्याच मुलाने फिरवलं. असल्या वेळी तिथली मोठी माणसं काय करतात यावरून सगळं कळतं.

संडास जरूर बघा. अॅडमिशनच्या गडबडीत आईबाप तेवढंच विसरतात.

आणि सासऱ्यांना सांगा, तीन वर्षांच्या मनगटाला पेन्सिल जड असते. आधी मातीचे गोळे, शेंगा सोलणं, अबोलीची फुलं ओवणं. गणेशचवथीच्या आधी मी मुलांना घरून माटोळीचं (गणपतीच्या वर टांगतात त्या मांडवीचं) एकेक फळ आणायला सांगायचे. मग जड-हलकं, वासाचं-बिनवासाचं, घोसाचं-सुटं असे ढीग. गणित तेच, फक्त वहीत दिसत नाही.

चिंचोके मात्र इतक्या लहान मुलांना नको. नाकात जातात, घशात अडकतात. त्या बाईंना सांगा, करवंट्या घ्या. वाईट वाटून घेतलं तर तेही कळेल.

---

पेडणेकर

बाईंचा आदर ठेवून, थोडं उलट लिहितो. माझा मुलगा अशाच प्रेमळ बालवाडीत गेला. गाणी, गोष्टी, वाळू. मग इंग्रजी शाळेत पहिलीत बसला आणि सहा महिने तोंडच उघडलं नाही. टीचर काय म्हणते तेच कळेना. त्या सहा महिन्यांत घरी जी रडारड झाली ती आम्हालाच ठाऊक. गोव्यात राहून इंग्रजीकडे पाठ फिरवता येत नाही, हेही कुणीतरी सांगायला हवं.

---

आकडेमोड

@पेडणेकर, मुद्दा खरा आहे, पण दोष वाळूचा नाही, सांध्याचा आहे. बालवाडी एका भाषेत, पहिली दुसऱ्याच भाषेत, मध्ये पूल नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय, बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी, ते यासाठीच. गोव्यात २०२३-२४ पासून त्याची सुरुवात झाली. आणि त्यात भर घरच्या भाषेवर आहे.

धागाकर्तीसाठी आकडे. केंद्राच्या २०१३ च्या बालसंगोपन आणि शिक्षण धोरणात ३ ते ६ वयोगटासाठी २० मुलांमागे एक मोठं माणूस आणि तीनच्या आतल्यांसाठी १० मुलांमागे एक असं प्रमाण दिलंय. ३० मुलांना ३५ चौरस मीटरची खोली आणि बाहेर ३० चौरस मीटर मोकळी जागा. हमरस्त्यावरच्या पहिल्या मजल्यावर मोकळी जागा कुठे आहे ते विचारा. गच्ची म्हणाले तर कठडा मोजा.

सासऱ्यांना आकडेच आवडत असतील तर अमेरिकेतला पेरी प्रीस्कूलचा प्रयोग सांगा. मिशिगनमधलं यप्सिलँटी गाव, १९६२ पासून, गरीब घरांतली १२३ मुलं. काहींना बालवाडी, काहींना नाही, आणि मग चाळिशीपर्यंत पाठपुरावा. बालवाडीमुळे बुद्ध्यांकात पडलेला फरक शाळेच्या पहिल्या काही वर्षांतच विरला. पण मोठेपणी त्या मुलांच्या नोकऱ्या, कमाई जास्त आणि अटका कमी निघाल्या. तिथे काय होतं? रोज अडीच तास, पाच-सहा मुलांमागे एक शिक्षिका, आज काय खेळणार ते मुलांनीच ठरवायचं, आणि दर आठवड्याला शिक्षिका मुलाच्या घरी. एवढं आपल्याकडे कोण देणार, हा प्रश्न आहेच. पण ए-बी-सी-डी गिरवून तो निकाल आला नाही.

---

खांडेपार

१२ ते ६ बद्दल. तुमच्या कंपनीत ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने आलेल्या नियमाप्रमाणे पाळणाघराची सोय द्यावी लागते, स्वतःची किंवा आसपासच्यांबरोबर सामाईक. आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यावं लागतं. आमच्या इथे एचआरने 'कुणी मागितलंच नाही' असं उत्तर दिलं होतं. मग सात जणींनी मिळून लेखी मागितलं. एकटीने जाऊ नका.

---

पडवीतल्या बाई

@खांडेपार, बरोबर. शिक्षण वेगळं आणि सांभाळणं वेगळं ही फाळणीच खोटी. ताराबाई मोडकांनी अनुताई वाघांना घेऊन १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, पुढे कोसबाडला पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात आणली. धाकट्याला कडेवर घेऊन थोरली शाळा बुडवते हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. दुपारी झोपलेल्या मुलाच्या अंगावर पांघरूण कोण घालतं, तेही बालशिक्षणच.

@पेडणेकर, तुमच्या लेकाच्या सहा महिन्यांचं वाईट वाटलं. ते शाळेने बघायला हवं होतं.

---

कुळागर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रजा टाकून दोन्हीकडे गेले.

पहिल्या ठिकाणी बसू दिलं नाही. 'मॅडम, कॅमेऱ्यावर बघा ना.'

पडवीत पावणेदोन तास बसले. डब्याच्या वेळी एका मुलाने सगळा पाव कुसकरून मुंग्यांना घातला. बाई त्याच्या शेजारी उकिडव्या बसल्या आणि विचारलं, 'आणि तू काय खाणार?' तो विचारात पडला. मग शेजारच्या मुलीने आपली अर्धी पोळी त्याच्यापुढे सरकवली. बाईंनी दोघांच्या मधे बशी ठेवली, बोलल्या काही नाहीत.

चिंचोक्यांचं भीत भीत सांगितलं. त्या जरा गप्प झाल्या, मग मदतीच्या मुलीला हाक मारून चिंचोक्यांचा डबा वरच्या फळीवर ठेवायला लावला. संडास एकच, मागच्या अंगणात, पावसात भिजत जावं लागेल. पत्रा घालणार का विचारलं तर 'चवथीपर्यंत' म्हणाल्या. पाऊस जूनमध्येच सुरू होतो हे मी बोलले नाही, पण बोलणार आहे.

तीन वाजेपर्यंत ठेवाल का, असंही विचारलं. आणखी चार मुलांच्या आया तयार झाल्या तर दुपारी डाळ-भात आणि झोप असं बघू म्हणाल्या. दोघी मिळाल्या आहेत. फोंडा-कुर्टी भागातल्या कुणाला हवं असेल तर माझ्या विचारपुशीत (विपू) लिहा. तीन ते सहा सध्या सासूबाई, बसूनच. कंपनीत पाच जणींच्या सह्या झाल्यात, सोमवारी अर्ज देतोय.

सासरे उद्या स्वतः जाऊन बसणार आहेत म्हणे. सकाळपासून चष्मा पुसून ठेवलाय.