मदत हवी आहे : 'बुक ऑफ केल्स'मधल्या एका चित्राबद्दल

नमस्कार मंडळी,
इ. स. 800 च्या सुमारास स्कॉटलंडजवळच्या आयोना बेटावरच्या मठाच्या परंपरेतल्या भिक्षूंनी केलेली 'बुक ऑफ केल्स' ही शुभवर्तमानांची (बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांची) पोथी सध्या मी बारकाईने पाहतेय. मूळ पोथी डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहे, आणि तिची पानं त्यांनी ऑनलाइन ठेवली आहेत. वासराच्या कातड्यावर हरताळाचा पिवळा, शेंदराचा लाल. केवढी देखणी रंगसंगती!

अडले आहे ते पान 202 च्या मागच्या बाजूला. लूकच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातला, सैतान येशूला मोह घालून त्याची परीक्षा पाहतो तो प्रसंग आहे. मंदिराच्या छपरावर येशू, समोर काळाकुट्ट, हडकुळा, पंखवाला सैतान. इथवर कळतं. पण शेजारी माणसांची गर्दी आहे आणि खाली दारात दोन काठ्या धरलेली एक व्यक्ती. लूकच्या मजकुरात या प्रसंगी येशू आणि सैतान यांच्याखेरीज कुणीच नाही!

मग ही माणसं कोण? दारातली व्यक्ती जगाच्या शेवटी न्यायाधीश म्हणून येणारा ख्रिस्त असेल का? मला गर्दी म्हणजे चर्चची मंडळी वाटते, पण आधार हवाय. मध्ययुगीन ख्रिस्ती चित्रकला किंवा धर्मशास्त्र शिकलेलं कुणी इथे असेल तर कृपया सविस्तर सांगा. याच प्रसंगाची त्या काळातली दुसरी चित्रं माहीत असतील तर तीही सुचवा.