भूतान सहल: फोब्जिखा कुणी काढलं?

देशपांडे मॅडम, सी-५०१: नमस्कार. सहलीचा नवा कार्यक्रम आत्ता उघडून पाहिला. फोब्जिखा कुणी काढलं? मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर ठरलं होतं: थिंफू दोन रात्री, पुनाखा एक, फोब्जिखा एक, पारो दोन. आता थिंफू तीन आणि पुढे "स्थानिक खरेदी". मला कुणी विचारलं नाही.

साठे काका, ए-१०२: मॅडम, तिथे रात्रीला माणशी १२०० रुपये भूतान सरकारला भरावे लागतात. आपण ३४ जण. कुठेतरी काटकसर करायला नको का?

देशपांडे मॅडम, सी-५०१: साठेसाहेब, रात्र कमी कुठे झाली? फोब्जिखाची काढून थिंफूला लावली. थिंफूला काय १२०० भरावे लागत नाहीत? वाचले ते टूरवाल्याचे, आपले नाहीत.

कदम, बी-२०३: 👆 हेच मी कालपासून म्हणतोय.

राणे (सेक्रेटरी): सर्वांना पुन्हा विनंती. मूळ मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट, पासपोर्टची मुदत निदान सहा महिने शिल्लक हवी. आधार कार्ड चालत नाही. मुलांचा मूळ जन्मदाखला. फोटो मला पर्सनलवर पाठवा, ग्रुपवर नको. 🙏

मोने काकू, ए-४०२: मॅडम राग नका मानू, पण फोब्जिखात बघायचं काय? जावई म्हणाला नुसतं गवताळ मैदान आहे.

देशपांडे मॅडम, सी-५०१: काकू, राग कसला. सांगते. जवळजवळ ३००० मीटर उंचीवरची रुंद दरी आहे, मधोमध पाणथळ जागा. तिबेटच्या पठारावर थंडी कडक झाली की काळ्या मानेचे क्रौंच तिथे उतरतात. ऑक्टोबर संपता संपता येतात, फेब्रुवारी-मार्चला परत जातात. येताना आणि जाताना गांगटे मठाला तीन फेऱ्या घालतात असं तिथले लोक मानतात. ११ नोव्हेंबरला त्याच मठाच्या अंगणात क्रौंचांचा उत्सव होतो. शाळेची मुलं पंखांचे पोशाख घालून नाचतात. आणि दरीत वीज आली तेव्हा पक्षी तारांवर आदळू नयेत म्हणून तारा जमिनीखालून नेल्या. आपण नेमके त्याच आठवड्यात जातोय आणि एवढ्या जवळून वळून थिंफूला शाली घ्यायच्या?

निखिल, बी-४०१: पक्षीच बघायचे तर भिगवणला जाऊ. फ्लेमिंगो, फिश थाळी, पासपोर्टची कटकट नाही 😄

मोने काकू, ए-४०२: निखिल, तुझी गाडी परत गेटसमोर लावलीस का? दूधवाला हॉर्न देतोय.

निखिल, बी-४०१: काढतो काकू, दोन मिनिटं.

कदम, बी-२०३: मुळात १२०० ही लूट आहे. नेपाळला गेलो असतो तर असली फी नव्हती.

देशपांडे मॅडम, सी-५०१: कदम, बाकी परदेशी लोक रात्रीला १०० डॉलर भरतात. आपल्याला सवलत आहे. सहा ते बाराच्या मुलांना निम्मी फी, त्याहून लहानांना नाहीच. किमान ६० टक्के भूभाग कायम जंगलाखाली ठेवायचा हे त्यांच्या राज्यघटनेत आहे. गर्दी आवरायची तर कुणाला तरी नाही म्हणावं लागतं. मे महिन्यात वेण्णा तलावाजवळ आपण गाडीत अडकून बसलो होतो तेव्हा तुम्हीच म्हणालात, इथे येणाऱ्यांवर काहीतरी मर्यादा हवी.

कदम, बी-२०३: तेव्हाचा संदर्भ वेगळा होता. आणि विषय निघालाच आहे तर गणपतीपुळ्याच्या बसचा हिशोब अजून आलेला नाही.

साठे काका, ए-१०२: हिशोब नोटीस बोर्डवर महिनाभर लावला होता. वाचायची सवय नसेल तर माझा इलाज नाही.

कदम, बी-२०३: हा मेसेज डिलीट केला आहे.

राणे (सेक्रेटरी): विषयावर राहू या. आणि पुन्हा सांगतो, आधार कार्ड चालत नाही. मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट.

पाटील आजोबा, सी-१०१: पारोच्या टायगर्स नेस्ट मठाला चढायला घोडा मिळतो का? माझे गुडघे सर्वांना माहीत आहेत.

डॉ. भावे, ए-३०१: मिळतो, पण अर्ध्या वाटेवरच्या कॅफेटेरियापर्यंतच. उतरताना घोडा नाही. मठ ३१२० मीटरवर आहे, पारोच्या दरीपासून ९०० मीटर वर. शेवटी धबधब्यापर्यंत पायऱ्या उतरायच्या आणि पुन्हा तेवढ्याच जोमाने चढायच्या. आजोबा, तुम्ही कॅफेटेरियात बसा. मठ समोरच्या कड्यावर स्पष्ट दिसतो. मी तुमच्याबरोबर थांबेन.

पाटील आजोबा, सी-१०१: बरं झालं विचारलं. धन्यवाद डॉक्टर.

निखिल, बी-४०१: ड्रोन आणू का? दोचुला खिंडीत एवढे स्तूप एकत्र, वरून रील भारी येईल.

देशपांडे मॅडम, सी-५०१: अजिबात नाही. परवानगीशिवाय ड्रोन चालत नाही, मठात तर मोबाईलसुद्धा बाहेर ठेवावा लागतो. आणि दोचुलाचं नाव निघालंच आहे तर ऐक. २०१९ मध्ये महाराष्ट्रातलाच एक बाईकवाला शिडी लावून तिथल्या स्तूपावर चढला आणि फोटो काढून घेतला. तिथल्या पोलिसांनी त्याला ताब्यात घेतलं. ते १०८ स्तूप २००३ च्या लढाईच्या आठवणीत बांधलेत. आसामचे अतिरेकी भूतानच्या जंगलात तळ ठोकून होते, त्यांना हुसकावताना भूतानचे सैनिक गेले. त्यांच्या त्यागाचा उपयोग आपल्यालाही झाला. तिथे आपल्या कुणाचा पाय घसरलेला मला चालणार नाही.

निखिल, बी-४०१: हे माहीत नव्हतं मॅडम. ड्रोन घरीच.

मोने काकू, ए-४०२: मी फोब्जिखाच्या बाजूने. थंडी किती असेल पण?

डॉ. भावे, ए-३०१: पहाटे शून्याच्या आसपास धरा. पुनाखा बरंच खाली आहे, तिथे एवढी नाही. दोन नद्यांच्या संगमावरचा १६३७-३८ चा जोंग, म्हणजे किल्ल्यासारखा मठ, उन्हात निवांत बघता येतो.

राणे (सेक्रेटरी): मतदार ओळखपत्र / पासपोर्ट. आधार नको. अजून निम्मी मंडळी बाकी.

साठे काका, ए-१०२: टूरवाल्याशी आत्ता बोललो. फोब्जिखाला ३४ जण एका हॉटेलात मावत नाहीत. दोन ठिकाणी वाटून राहावं लागेल, खोलीत बुखारी (लाकडावरची शेगडी) मिळेल. सहा जण पुनाखालाच थांबू म्हणतात. थिंफू-पारोच्या बाहेर आपल्याला गाइड सक्तीचा, म्हणजे त्यांच्यासाठी वेगळा गाइड आला.

कदम, बी-२०३: त्या गाइडचा खर्च कोण देणार?

देशपांडे मॅडम, सी-५०१: फोब्जिखाला जाणाऱ्यांत वाटून घ्या. माझी तयारी आहे. साठेसाहेब, फोन केलात त्याबद्दल मनापासून आभार. फक्त पुढचा बदल आधी ग्रुपवर टाका.

साठे काका, ए-१०२: टाकीन. माणशी फरक उद्या संध्याकाळपर्यंत कळवतो. पुनाखाला राहणाऱ्यांना काही जादा भरावं लागणार नाही.

कदम, बी-२०३: लेखी द्या. टूरवाल्याच्या लेटरहेडवर.