डोंगरात, दोघांचंच लग्न: कुठे, कधी, कसं? सल्ला हवा आहे

निवांत

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं रोमात (म्हणजे फक्त वाचनमात्र) आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

आम्ही दोघांनी ठरवलंय की लग्न उंच डोंगरात करायचं. हॉल नाही, पाहुण्यांची यादी नाही. आम्ही दोघं, एक फोटोग्राफर आणि फार तर दोन मित्र. घरच्यांना कल्पना आहे. त्यांची एकच अट: "निदान बघायला तरी मिळू दे." डोक्यात चार जागा आहेत: कोलोरॅडोतले रॉकी पर्वत, कॅनडातलं बॅन्फ, न्यूझीलंडचं दक्षिण बेट आणि इटलीतले डोलोमाइट्स. सप्टेंबर धरलाय, पण महिना मागेपुढे करता येईल.

कागदपत्रं कुठे सोपी पडतात? कायदेशीर लग्न तिथेच करावं की आधी उरकून घ्यावं? आम्ही दोघंही चालतो, पण त्याच्या गुडघ्यामुळे फार चढउतार नको. आणि तेवढ्या उंचीवर नटूनथटून उभं राहणं खरंच जमतं का, की ते फक्त फोटोतच असतं?

कडेकपारी

आधी अभिनंदन! आता कागद.

कोलोरॅडो सगळ्यात सोपं. तिथे जोडपं स्वतःच स्वतःचं लग्न लावू शकतं. लग्न लावणारा अधिकारी लागत नाही, साक्षीदारही लागत नाहीत. काउंटीच्या (म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या) कचेरीतून परवाना घ्यायचा, तो ३५ दिवस चालतो. त्या मुदतीत राज्याच्या हद्दीत कुठेही लग्न करायचं आणि दोघांनी सही करून लग्नानंतर ६३ दिवसांच्या आत तो परत जमा करायचा. एवढं झालं की कायद्यानं नवरा-बायको.

बॅन्फ अल्बर्टा प्रांतात येतं. तिथला परवाना तीन महिने चालतो, पण लग्न लावायला अधिकृत व्यक्ती आणि दोन सज्ञान साक्षीदार लागतात. तुमचे दोन मित्र तिथे कामी येतील. न्यूझीलंडमध्येही सेलिब्रंट (लग्न लावणारी अधिकृत व्यक्ती) आणि दोन साक्षीदार लागतात. परवान्याचा अर्ज दिल्यावर किमान तीन कामाचे दिवस थांबावं लागतं आणि लग्न कुठे होणार ती जागा परवान्यावर लिहिलेली असते. उघड्यावर लग्न असेल तर पर्यायी जागा अर्जातच देऊन ठेवा.

इटलीचं प्रकरण लांबतं. परदेशी माणसाला आपल्या देशाकडून 'लग्नाला अडथळा नाही' असा दाखला आणावा लागतो आणि कायदेशीर विधी नगरपालिकेनं मंजूर केलेल्या जागीच होतो. मनाला येईल त्या कड्यावर नाही.

कुठेही केलंत तरी प्रमाणपत्राच्या साक्षांकित प्रती जास्तीच्या काढा आणि त्यावर अपोस्टील (परदेशात कागद मानला जावा म्हणून आंतरराष्ट्रीय करारानुसार मिळणारा सरकारी दाखला) करून घ्या. दुसऱ्या देशात लग्न दाखवायची वेळ आली की त्याचाच उपयोग होतो. कॅनडा या करारात उशिरा आला. तिथे ही सोय ११ जानेवारी २०२४ पासून आहे, त्यामुळे इंटरनेटवरची जुनी माहिती वाचून गोंधळू नका.

ओसरी

कडेकपारींची माहिती पक्की आहे, पण सल्ला मी उलटा देईन. कायदेशीर लग्न जिथे राहता तिथे आधी उरकून घ्या. डोंगरावर कागद नेऊच नका.

कारण हवा. परवाना, अधिकारी, साक्षीदार या सगळ्यांना तारखेला आणि जागेला बांधलंत की ढग आले तरी तुम्ही तिथेच अडकता. कागद आधीच झाला असेल तर मंगळवारऐवजी गुरुवारी जा, या खिंडीऐवजी त्या तळ्याकाठी जा. लग्न कायद्यानं टिकेल की नाही, ही भीती उरत नाही. इटलीसुद्धा मग चुटकीसरशी सोपी होते, कारण तिथे फक्त तुमचा तुम्ही विधी करणार. स्वित्झर्लंड मनात आलं तर तिथेही हेच. तिथे कायद्याला नागरी कचेरीतलंच लग्न लागतं.

निवांत

@ओसरी, पटतंय. पण कागद आधी झाला तर डोंगरावरचं नुसतं नाटक वाटणार नाही का?

ओसरी

कचेरीतल्या सहीला लग्न मानायचं की कड्यावर दिलेल्या शब्दाला, ते तुम्ही दोघं ठरवा. सही केल्याचं कोणाला सांगायलाच हवं असंही नाही. मात्र कोलोरॅडो पक्कं केलंत तर माझा मुद्दा अर्धा गळतो. तिथे परवाना खिशात घालून ३५ दिवसांत कुठलाही चांगला दिवस पकडता येतो. बाकी तीन जागांसाठी मी माझ्या मतावर ठाम आहे.

ढगांचा_पहारेकरी

जागेआधी घड्याळ ठरवा. संध्याकाळचं लग्न ही मैदानातली सवय आहे.

उन्हाळ्यात रॉकीजमध्ये दुपारी वीज-पाऊस हा नेहमीचाच कार्यक्रम असतो. दुपारच्या आत झाडांच्या रेषेखाली (जिच्या वर झाडं वाढत नाहीत) परत यायचं, हा तिथल्या चढाई करणाऱ्यांचा साधा नियम. कोलोरॅडोत ही रेषा साधारण ३५०० मीटरच्या आसपास येते. तिच्या वर उघड्यावर सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच. वीज दिसल्यावर ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. तिथून निघा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत वर जाऊ नका. झाडाखाली आडोसा नको, छत्री नको, धातूचा स्टँड हातात नको. सप्टेंबरमध्ये ही वादळं कमी होतात, पण वर बर्फ पडू शकतो.

गारठा: दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. शून्य अंशाला ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर अंगाला उणे सहा वाटतं. हे आकडे कपडे घेताना लक्षात ठेवा.

विरळ हवा: ३५०० मीटरवर दर श्वासाला समुद्रसपाटीच्या मानानं सुमारे दोन तृतीयांशच ऑक्सिजन मिळतो. २५०० च्या वर कोणालाही त्रास होऊ शकतो, तब्येत कितीही दणकट असो. ३००० च्या वर मुक्कामाची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका. विमानातून उतरून दुसऱ्याच दिवशी लग्न ठेवू नका. डोकेदुखी आणि मळमळ घेऊन शपथा कसल्या घेणार? आधी दोन-तीन रात्री मधल्या उंचीवर काढा. गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा, धाग्यावर नको.

आणि सनस्क्रीन. उंचीबरोबर अतिनील किरणं हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी वाढतात, ताजा बर्फ त्यातली ८० टक्क्यांपर्यंत परत तोंडावर फेकतो. लग्नाच्या फोटोत लालबुंद नाक नको असेल तर हे मनावर घ्या.

तिरपं_ऊन

पहारेकरींना अनुमोदन, आणि पहाटेचा फायदा फोटोलाही होतो. डोंगरात सूर्य पंचांगातल्या वेळेला मावळत नाही, समोरच्या कड्यामागे जातो तेव्हा मावळतो. कधी तासभर, कधी दोन तास आधी. म्हणून जागा बघताना तोंड कुठल्या दिशेला आहे ते नकाशावर बघा.

उदाहरण देतो. कोलोरॅडोत अ‍ॅस्पेन गावाजवळचं मरून बेल्स. तळं साधारण २९०० मीटरवर आणि ४३०० मीटरच्या आसपासची जोडशिखरं त्याच्या नैऋत्येला. त्यामुळे सकाळचं पहिलं ऊन थेट शिखरांवर पडतं आणि ती तांबूस होतात. संध्याकाळी सूर्य त्यांच्याच मागे जातो, उरतो काळा डोंगर आणि पांढरं आकाश. बॅन्फमधल्या मोरेन तळ्याचीही तीच गत, सकाळच हवी. तिथे २०२३ पासून खासगी गाड्या बंद आहेत, त्यामुळे बसची वेळ हीच तुमच्या लग्नाची वेळ.

अजून एक. मरून बेल्सला पहाटे कॅमेरेवाल्यांची रांग असते. 'दोघंच' हवं असेल तर ती जागा नाही. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात अ‍ॅस्पेन जातीची झाडं पिवळीधमक होतात तेव्हा तर जत्राच. त्यापेक्षा कमी नावाजलेली दरी निवडा. तुमच्या फोटोत तुम्ही आहात, डोंगराला प्रसिद्ध असायची गरज नाही.

थंडीत बॅटऱ्या पटापट उतरतात. जादा बॅटऱ्या अंगाजवळच्या खिशात ठेवा.

मुंगीवाट

कोणी परवानगीचं बोललं नाही अजून. डोंगर सरकारी उद्यानात असेल तर 'आम्ही फक्त दोघं' हे कारण चालत नाही. रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानात दोघांच्या लग्नालाही परवाना लागतो आणि ठरवून दिलेल्या जागांपैकीच एक मिळते. फोटोग्राफर पैसे घेऊन येत असेल तर त्याला वेगळी परवानगी हवी का, तेही विचारून घ्या. ड्रोन विसरा. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांत २०१४ पासून बंदी आहे. बरंच झालं. तो किरकिराट ऐकत कोण शपथ घेणार?

आता माझा आवडता राग. पाकळ्या उधळू नका, 'कुजणाऱ्या' कागदाचे तुकडेही नको. तेवढ्या गारठ्यात काही लवकर कुजत नाही, आणि बाहेरच्या फुलांबरोबर बाहेरचं बी जातं. झाडरेषेच्या वरची इवली झुडपं तुडवली तर सावरायला दशकं लागतात. खडक, वाळू, बर्फ नाहीतर मळलेली वाट, यांवरच उभं राहा. आडोशाला जायचं झालं तर पाण्यापासून साठ मीटर तरी दूर. आणि फोटो टाकताना नेमकी जागा टाकू नका, प्लीज. दोन वर्षांत तिथे वाट पडते.

न्यूझीलंड निवडलंत तर कीआ पोपटापासून सामान जपा. अतिशय हुशार पक्षी आहे, रबर आणि चेन कुरतडणं हा त्याचा धंदा. खायला मात्र देऊ नका. आणि तिथे सप्टेंबरात नुकता वसंत सुरू होतो, वर बर्फ असतो. उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी.

जुनी_पानं

थोडं अवांतर. दोघांनीच दूर जाऊन लग्न करण्याचं वेड कायद्यामुळेही वाढलंय. इंग्लंडमध्ये १७५३ च्या कायद्यानं २१ वर्षांखालच्यांना पालकांची संमती सक्तीची केली, पण तो कायदा स्कॉटलंडला लागू नव्हता. मग जोडपी घोडागाडीनं थेट सीमेपलीकडच्या ग्रेटना ग्रीनला. गावातला लोहार ऐरणीपुढे लग्न लावायचा, साक्षीला दोन माणसं पुरायची. १८५६ च्या कायद्यानं तिथे २१ दिवस राहण्याची अट आली आणि पळापळ कमी झाली. तुम्हाला निदान मागून येणाऱ्या सासऱ्यांच्या घोड्यांची चिंता नाही.

कपारीतली_जाई

कपडे आणि गुडघा, दोन्हीबद्दल.

नटणं जमतं, पण वर पोचल्यावर. चालताना चालायचेच कपडे घाला, सणाचे कपडे पिशवीत. घाम आलेलं अंग वर वाऱ्यात क्षणात गारठतं, म्हणून आतला थर बदलून मग नटा. कापडाखाली लोकरीचा पातळ थर सहज लपतो. पायात चपला-सँडल नकोत, बूट दिसले तर दिसू द्या. लांब ओढणीसारखं काही असेल तर वाऱ्यात ते सांभाळण्यातच तुमचा वेळ जाईल. अंगठ्या: चालून बोटं सुजतात आणि गारठ्यात बारीक होतात. एकदा बसत नाही, नंतर निसटते. दगडांच्या खाचेत पडली की गेलीच. दोऱ्याला बांधून ठेवा, घालायच्या क्षणी सोडा.

गुडघ्याला चढापेक्षा उतार जड जातो. म्हणून 'किती चढायचं' याआधी 'कसं उतरायचं' हे बघा. काठ्या दोन घ्या. या बाबतीत डोलोमाइट्सचा हात कोणी धरू शकत नाही. तिथे रोपवेचे पाळणे आहेत, आणि त्रे चिमे या तीन सुळक्यांच्या पायथ्याशी आउरोन्झो विश्रामगृहापर्यंत, म्हणजे २३२० मीटरवर, गाडी जाते. तिथून रुंद वाटेनं थोडं चाललं की समोर भिंती. कागद आधी उरकले असतील तर मी तुमच्या जागी डोळे मिटून तिकडे जाईन.

निवांत

सगळ्यांचे खूप आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. दोघांनी मिळून सगळं वाचलं. तो म्हणतो कोलोरॅडो, कारण स्वतःच सही करायची कल्पना त्याला फार आवडलीय. मीही तिकडेच झुकतेय. सप्टेंबरचा पहिला पंधरवडा, पहाट, आणि गाडीरस्त्यापासून अर्ध्या तासावरची एखादी शांत जागा.

राहिली घरच्यांची अट. तिथून थेट व्हिडिओ दाखवता येईल का?

मुंगीवाट

खिंडीत आणि दरीत नेटवर्क बहुतेक नसतं. असलं तरी त्यावर आई-बाबांचा दिवस टांगणीला ठेवू नका. चित्रण करा, खाली येऊन त्यांच्यासोबत बसून बघा. शपथा लिहिताना त्यांनाही चार ओळी लिहायला सांगा आणि वर वाचून दाखवा.

नेटवर्क नाही म्हणूनच उपग्रहावरून संदेश जाणारं छोटं यंत्र भाड्यानं घ्या. गावात कोणालातरी वाट, गाडी आणि परतायची वेळ लिहून द्या. शिट्टी गळ्यात असू द्या. तीन शिट्ट्या, मग थोडं थांबायचं, परत तीन. अमेरिकेत मदतीची हीच खूण ओळखतात.

निवांत

हे भारी आहे. लगेच कामाला लागते. आधी एक-दोन फोटोग्राफर गाठते, त्यांच्या मोकळ्या तारखा बघते आणि मग परवान्याचा अर्ज करते.

कडेकपारी

उलटं करा. आधी जागेची परवानगी, मग फोटोग्राफर. तारीख वनखातं देणार आहे. आणि हो, काउंटीची कचेरी शनिवार-रविवारी बंद असते, विमानाची तिकिटं काढताना तेवढं बघा.