डीएनए जास्त तो वरचढ?
कुणीतरी लिहिलंय की बदक उडतं, पोहतं, पिल्लं सांभाळतं, तेव्हा जागेवर उभ्या असलेल्या झाडापेक्षा त्याचा डीएनए मोठा असणारच. इथे नेमकं उलटं आहे. हिरव्या डोक्याचा मॅलार्ड (आपली बहुतेक पाळीव बदकं याचीच वंशज) आणि नॉर्वे स्प्रूस (पाईनसारखं एक सूचिपर्णी झाड), दोघांचेही जीनोम (म्हणजे संपूर्ण डीएनए) 2013 साली प्रसिद्ध झाले. मॅलार्डचा भरला अब्जाच्या जरा वर अक्षरांचा, स्प्रूसचा जवळपास 20 अब्ज! गुणसूत्रं मोजाल तर पारडं फिरतं: बदकाची 80, स्प्रूसची 24. बदकाची बरीचशी गुणसूत्रं अगदीच चिमुकली असतात, म्हणून आकडा फुगतो.

आता स्प्रूसमध्ये एवढं भरलंय तरी काय? जनुकं नव्हेत, ती साधारण 28 हजारच. बाकी बहुतेक भाग स्वतःच्या नकला काढत पसरणाऱ्या तुकड्यांचा. अडगळीच्या खोलीसारखं, कोटी कोटी वर्षं साठत गेलं आणि झाडाने फारसं काही फेकलं नाही. त्यामुळे नुसत्या लांबीवरून कोण पुढारलेलं हे ठरवण्यात अर्थ नाही, कांद्याचा जीनोमसुद्धा माणसाच्या कितीतरी पट आहे.

जाता जाता, स्प्रूस-पाईनच्या बीमधला पांढरा गर फक्त आईकडून आलेला असतो, त्यात गुणसूत्रांचा एकच संच. एवढा अगडबंब जीनोम तुकड्यातुकड्यांतून जुळवताना संशोधकांना त्याचा मोठा उपयोग झाला, कारण आईबापांच्या प्रती एकमेकींत मिसळत नाहीत. बदकात अशी सोय नाही.