टूलने हिरवा दिवा दाखवला म्हणून माल मागवायचा?

गोदामकर (धागाकर्ता)

काल इथे एका सभासदाने अमेरिकेत माल विकणाऱ्यांना सल्ला दिला: "पेटंट तपासायला आता वकील कशाला? एआय टूलमध्ये फोटो आणि लिंक टाका, रिस्क स्कोअर येतो. कमी आला की ऑर्डर द्या. वकील फक्त नोटीस आल्यावर." खाली वाहवा करणाऱ्यांची रांग लागलीय. नवे लोक असलं वाचून साठवलेले पैसे मालात घालतात, म्हणून वेगळा धागा काढला.

ही टूल्स मी रोज वापरतो. ढिगातून कामाची पेटंट वेचून काढायला ती उत्तम आहेत. पण तो स्कोअर नेमकं काय मोजतो? बऱ्याच टूल्समध्ये तुमच्या फोटोचं आणि वर्णनाचं पेटंटच्या चित्रांशी नि सारांशाशी असलेलं साम्य. उल्लंघन मात्र ठरतं क्लेमवर, म्हणजे हक्क नेमका कशावर आहे हे सांगणाऱ्या पेटंटमधल्या क्रमांकित वाक्यांवर.

फोनचा घडीचा स्टँड घ्या. समजा क्लेम १ मध्ये तीनच गोष्टी आहेत: तळ, त्याला बिजागरीने जोडलेला हात, आणि हात हव्या त्या कोनात धरून ठेवणारी बिजागरीतली घर्षण-चकती. तुमचा स्टँड दिसायला साफ वेगळा, वर दिवा, खाली चार्जर. साम्य कमी, स्कोअर हिरवा. पण त्या तिन्ही गोष्टी तुमच्या मालात असतील तर दिवा-चार्जर जास्तीचे आहेत म्हणून सुटका होत नाही. उलट माल हुबेहूब दिसतो पण चकतीच नाही, तर टूल लाल दाखवणार आणि तुम्ही विकण्याजोगा माल सोडून देणार. चकतीऐवजी स्प्रिंग असेल तर ती 'समतुल्य', म्हणजे वेगळी असूनही तेच काम करणारी, धरायची का, हा प्रश्न आला की टूल बाजूला ठेवायचं आणि वकिलाला फोन लावायचा.

डिझाइन पेटंटमध्ये, म्हणजे वस्तूच्या दिसण्यावरच्या पेटंटमध्ये, तर आणखी गोंधळ. चित्रातल्या तुटक रेषा हक्कात धरत नाहीत, फक्त सलग रेषा धरतात. म्हणजे अख्खी बाटली काढलेली असली तरी हक्क कदाचित फक्त झाकणावर असतो. टूल बाटलीला बाटली जोडून पाहतं, तुमची बाटली वेगळी म्हणून पास करतं आणि झाकण तेच असतं!

माझं म्हणणं एवढंच: वकिलाकडे पैसे अडकण्याआधी जा. प्रत्येक वस्तूसाठी नाही. पण टूलने जवळचं चालू पेटंट दाखवलंय आणि तरी तोच माल घ्यायचाय, किंवा स्वतःच्या खर्चाने साचा बनवायचाय, किंवा "थोडा बदल करून घेऊ" असं सप्लायर म्हणतोय, तर जाच.

मार्जिनमास्तर

काल लिहिणारा मीच. नाव घेऊन बोलला असतात तरी चाललं असतं.

तुमचा मुद्दा कागदावर छान आहे. आमच्यासारखे पन्नास-साठ वस्तू फिरवत ठेवतात. त्यातल्या निम्म्या दोन महिन्यांत बंद होतात. प्रत्येकीमागे वकील लावला तर धंदा वकिलाचाच होईल. आणि वकील देतो काय? मी एकदा विचारलं होतं. लांबलचक पत्र आलं. "उल्लंघन होण्याची शक्यता नाकारता येत नाही, तथापि..." घ्यायचा की नाही ते शेवटपर्यंत कळलं नाही. बिल मात्र स्पष्ट होतं.

शिवाय अमेरिकन पेटंट कायद्यातच लिहिलंय की वकिलाचा सल्ला घेतला नाही म्हणून कोणाला मुद्दाम उल्लंघन केलं असं ठरवता येत नाही. कलम २९८. वाचा एकदा.

निळीशाई

मास्तर, कलम २९८ बरोबर सांगितलंत, पण अर्धंच. सल्ला न घेणं हा पुरावा नाही. पेटंट माहीत असणं हा पुरावा होऊ शकतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या हेलो निकालानंतर न्यायालय तेव्हा तुमच्या मनात काय होतं ते पाहतं, आणि वाटलं तर भरपाई तिप्पटपर्यंत वाढवू शकतं. टूलचा "उच्च साम्य, पेटंट चालू" म्हणणारा रिपोर्ट तुमच्या मेलमध्ये आहे, त्यानंतरच्या आठवड्यात ऑर्डर गेलीय. समोरचा वकील हेच दोन कागद शेजारी ठेवणार. त्या दोन तारखांच्या मध्ये एखाद्या वकिलाचं "क्लेममधला अमुक घटक या मालात नाही" असं कारणासकट मत असेल तर चित्र बदलतं.

ते "तथापि" पत्र तुम्हाला मिळालं, कारण प्रश्न मोघम होता असं दिसतंय. "हा माल विकू का" विचारलं की तथापि येणारच. पेटंट क्रमांक, मालाचे उघडून काढलेले फोटो आणि "क्लेम १ मधला कोणता घटक यात नाही" एवढं घेऊन गेलात तर काम छोटं होतं, बिलही. त्या तयारीसाठी टूल जरूर वापरा.

झाकलीमूठ

एवढं सगळं वाचून माझं मत पक्कं झालं. शोधूच नका! माहितीच नसेल तर मुद्दाम केलं असं कोण म्हणणार? टूलमध्ये टाकलं की रिपोर्ट आला, रिपोर्ट आला की पुरावा झाला. मी कधी शोधत नाही आणि आजवर काही झालं नाही.

गोदामकर

झाकलीमूठ, हा सल्ला मास्तरांच्या सल्ल्यापेक्षा घातक आहे. माहीत नव्हतं म्हणून फार तर तिप्पट टळेल. मूळ उल्लंघनाला माहिती असावी लागतच नाही. बनवणं, वापरणं, विकणं, विकायला ठेवणं, आयात करणं, सगळं त्यात येतं. "मी फक्त विकतो, बनवत नाही" हेही चालत नाही. डिझाइन पेटंट असेल तर त्या मालावरचा अख्खा नफा मागता येतो. आणि मार्केटप्लेसवरून तुमची लिस्टिंग, म्हणजे विक्रीचं पान, काढून टाकायला तुमच्या मनात काय होतं हे कोणी विचारत नाही.

झाकलीमूठ

मोठमोठ्या कंपन्यांचे इंजिनियरसुद्धा पेटंट वाचत नाहीत, त्यांना तसं सांगितलेलं असतं. ते शहाणे आणि आम्ही घातक?

निळीशाई

त्या इंजिनियरांच्या मागे वाचणारा वेगळा विभाग बसलेला असतो. तुमच्या मागे कोण बसलंय?

झाकलीमूठ

माझ्या मागे माझा अनुभव बसलाय. ज्यांनी कधी स्वतःचा कंटेनर सोडवला नाही त्यांनी आम्हाला शिकवू नये.

निळीशाई

मी बरीच वर्षं हेच कागद हाताळलेत, विक्रेत्यांच्याच बाजूने. "मला माहीत नव्हतं" म्हणणारे रडताना पाहिलेत. तुमच्यावर अजून वेळ आली नाही याचा आनंद आहे, पण तो युक्तिवाद नव्हे.

रेवाकाठ

भांडण थांबवा आणि माझं ऐका. माझ्यावर आलीय.

मागे एका सकाळी खात्यात लॉगिन केलं तर पैसे गोठलेले. कारण, इलिनॉयच्या नॉर्दर्न डिस्ट्रिक्ट न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम. खटल्यात विक्रेत्यांची भलीमोठी यादी, तिला शेड्यूल ए म्हणतात, त्यात माझ्या दुकानाचं नाव. हुकूम निघाला तेव्हा मला पत्ताच नव्हता. तो एकतर्फीच मागतात, म्हणजे विक्रेत्यांनी पैसे हलवू नयेत. तो साधारण १४ दिवसांचा असतो आणि वाढवून मिळतो. मला वाटलं, एआयकडून उत्तर लिहून पाठवू, स्वतःच लढू. तेव्हा कळलं की फेडरल न्यायालयात कंपनीला स्वतः उभं राहताच येत नाही, एलएलसी या मर्यादित जबाबदारीच्या कंपनीलासुद्धा. वकील लागतोच. आणि गप्प बसलात तर हजर न राहिल्याबद्दल निकाल लागतो, गोठलेले पैसे त्यातच जातात. समन्स बजावल्यापासून उत्तराला २१ दिवस, आणि त्यातले बरेच मी वकील शोधण्यात घालवले.

तेव्हा "आधी की नंतर" हा वाद घाला खुशाल. पण एखाद्या वकिलाचं नाव आधीच खिशात ठेवा.

मार्जिनमास्तर

रेवाताई, वाईट वाटलं वाचून. पण यात वकिलाने आधी काय केलं असतं? यादीत नाव घालणारा विचारून घालत नाही. खरा राग मार्केटप्लेसवर काढा. कोणीही तक्रार केली की आधी लिस्टिंग पाडायचं, मग चौकशी. माझी एक लिस्टिंग ज्या पेटंटवरून पाडली ते फी न भरल्याने संपलेलं होतं. तीन अपिलं केली, तिन्ही वेळा तेच छापील उत्तर. सणाचा सगळा हंगाम गेला.

गोदामकर

मास्तर, हा राग पूर्ण योग्य आहे. त्यावर वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देईन. पण तुमचंच उदाहरण घ्या. अमेरिकेत युटिलिटी पेटंटची (वस्तू कशी चालते त्यावरच्या पेटंटची) फी साडेतीन, साडेसात आणि साडेअकरा वर्षांनी भरावी लागते. भरली नाही तर ते संपतं, पण चूक अनवधानाने झाली असं दाखवून जिवंतही करता येतं. टूलवरचं "कालबाह्य" हे त्या दिवसापुरतं खरं. छापील उत्तराला चौथं अपील न करता वकिलाच्या लेटरहेडवर, पेटंट कार्यालयाच्या नोंदीसह, थेट तक्रारदाराला पत्र गेलं असतं तर कदाचित तक्रार मागे घेतली गेली असती.

मार्जिनमास्तर

कदाचित.

पाटीपेन्सिल

ॲमेझॉनच्या एपेक्सचं, म्हणजे पेटंटच्या तक्रारी न्यायालयाबाहेर तपासायच्या त्यांच्या सोयीचं, कोणीच बोललं नाही. युटिलिटी पेटंटची तक्रार असेल तर तिथे तटस्थ वकील एकच क्लेम तपासतो. दोन्ही बाजूंनी ४,००० डॉलर ठेवायचे, जिंकणाऱ्याला परत. भाग घ्यायचा की नाही हे ठरवायला तीन आठवडे, गप्प राहिलात तर लिस्टिंग जाते. आणि पेटंटची अपिलं ऐकणाऱ्या फेडरल सर्किट न्यायालयाने २०२४ मध्ये स्नॅपरेज प्रकरणात म्हटलंय की एपेक्सची तक्रार करणाऱ्यावर विक्रेत्याच्या राज्यात उलट दावा लावता येतो. ही खेळी कोणतं टूल सुचवणार? इथेही वकील लागतो, नोटीस *आल्यावर*. म्हणजे मास्तरांचं अगदीच चूक नाही.

निळीशाई

नोटीस आल्यावर लागतो यावर वाद नव्हताच. उलट नोटीस आली की टूलला हात लावू नका असं म्हणेन. माझ्या ओळखीच्या एका विक्रेतीने एआयकडून नम्र उत्तर लिहून घेतलं. त्यात वाक्य होतं, "आमच्या उत्पादनातली यंत्रणा आपल्या पेटंटसारखीच असली तरी आमचा हेतू..." पाठवून मोकळी झाली. हेतूला कोणी विचारलं नव्हतं. यंत्रणा सारखी आहे हे मात्र तिने लिहून दिलं. एआयशी झालेलं बोलणं वकील-अशील गोपनीयतेत बसतं असंही धरून चालू नका. "यातून कसं निसटू" असं टूलला विचारलेलं उद्या समोर मागितलं जाऊ शकतं. आणि एआयने दिलेले निकाल न तपासता वापरायचे तर २०२३ चं माता विरुद्ध एव्हियांका आठवा. अस्तित्वात नसलेले खटले न्यायालयात दाखल केले म्हणून ५,००० डॉलर दंड झाला, तोही वकिलांना.

झाकलीमूठ

म्हणजे वकीलही एआयच वापरतात. मग फी कशाची?

निळीशाई

चुकीची जबाबदारी त्याच्यावर असते, तिची. तुमच्या टूलच्या अटींत "हा कायदेशीर सल्ला नाही" असं लिहिलेलं असणार. उघडून पाहा.

मार्जिनमास्तर

ठीक. एवढं मान्य करतो, साचा स्वतःच्या पैशाने बनवणार असेन तर आधी मत घेईन. साच्याचे पैसे कोणी परत देत नाही. पण पन्नास नगांची चाचणी ऑर्डर असेल तर टूलवरच जाणार, आणि तसंच इतरांना सांगणार.

गोदामकर

पन्नास नगांना माझीही हरकत नाही. मात्र रिपोर्ट लाल असेल तर तेही नकोत, आणि चाचणी चालली, पुढची ऑर्डर मोठी देणार असाल तर तिच्याआधी थांबा. तोवर पुन्हा शोधही घ्या. पेटंटचे अर्ज साधारण १८ महिने बाहेर दिसत नाहीत, आणि तिकडचे डिझाइनचे अर्ज तर सहसा पेटंट मिळाल्यावरच दिसतात. पहिल्या ऑर्डरला स्वच्छ असलेला माल तिसऱ्या ऑर्डरला स्वच्छ असेलच असं नाही.

मार्जिनमास्तर

पुन्हा शोध घेईन. "थांबा" वर विचार करतो.

रेवाकाठ

निळीशाई, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. समोरचे तडजोडीची रक्कम मागतायत आणि उद्यापर्यंत उत्तर हवंय म्हणतात.

निळीशाई

पाहिला. वकिलाने वाचेपर्यंत त्यांना काहीही लिहू नका, "मिळाला, पाहते" एवढंसुद्धा नको. त्या डिझाइन पेटंटची चित्रं आणि तुमच्या मालाचे सहा बाजूंचे फोटो आजच त्याच्याकडे पाठवा. हँडलची रेषा तुटक दिसतेय मला.