ओकलंडमध्ये नोकरी, पिट्सबर्गमध्ये घर कुठे बघावं?

सप्रेम नमस्कार मंडळी,

मी या ईमेल यादीवर नवीन आहे. १ सप्टेंबरला पिट्सबर्ग विद्यापीठात संशोधनाच्या नोकरीवर रुजू होते आहे. लॅब ओकलंडमध्ये, म्हणजे पिट्सबर्गच्याच विद्यापीठाच्या भागात, टेरेस स्ट्रीटजवळ, हॉस्पिटलांच्या गराड्यात. बरोबर नवरा आणि सहा वर्षांची लेक. नवऱ्याचं वर्क परमिट येईपर्यंत घर एका पगारावर चालवायचंय, त्यामुळे निदान पहिलं वर्ष गाडी नको असं ठरवलंय. मे महिन्यात सासूबाई येतील, त्यांचे गुडघे दुखतात.

दोन जागा डोळ्यांसमोर आहेत. एक शहराबाहेर मनरोव्हिल उपनगरात, मोठं कॉम्प्लेक्स, लिफ्ट, पोहण्याचा तलाव, भारतीय दुकानं आणि देवळं जवळ. दुसरी शहरातच, स्क्विरल हिलला मरे अ‍ॅव्हेन्यूच्या आतल्या गल्लीत, जुन्या घराचा दुसरा मजला, भाडं जास्त आणि जागा लहान. आमच्याकडे सगळे म्हणतात, आपली माणसं जिथे आहेत तिथे जा. तुम्ही काय सांगाल?

नवी सभासद, मुक्काम कोथरूड

*

प्रिय ताई,

वयाने मोठी आहे म्हणून एकेरी लिहिते. स्क्विरल हिल घे. का, ते सविस्तर सांगते, कारण तू आज जो विचार करते आहेस तोच आम्ही २००९ साली केला होता.

आम्ही मनरोव्हिलला राहिलो. पहिले दोन महिने फार छान गेले. कढीपत्ता हाताशी, पेन हिल्सचं व्यंकटेश्वराचं देऊळ जवळ, शेजारी तेलुगू कुटुंब, आठवड्यातून दोनदा एकमेकांकडे जेवण. मग हिवाळा आला. मनरोव्हिलहून ओकलंडला यायचं म्हणजे पार्कवे ईस्ट हा हायवे आणि स्क्विरल हिलचा बोगदा. तो बोगदा १९५३चा, दोन्हीकडे दोनच लेन, आणि तोंडाशी आलं की सगळे का कोण जाणे ब्रेक मारतात. नकाशावर दहा-बारा मैल दिसतात, त्यांना बर्फ पडला की किती वेळ लागेल हे कुणीही सांगू शकत नाही. एका जानेवारीत मी बोगद्याच्या अलीकडे अडकले होते. मुलीचं पाळणाघर सहाला बंद व्हायचं. पावणेसात वाजता पोचले तेव्हा पोरगी कोट, टोपी, हातमोजे सगळं घालून दाराजवळच्या बाकावर बसली होती, बाईंच्या हातात किल्ल्या. ती रडली नव्हती. घरी येताना मागच्या सीटवरून तिने एवढंच विचारलं, "उद्या पण बोगदा आहे का?" त्या आठवड्यात मी लीज कधी संपतंय ते बघितलं.

तुझ्याकडे तर गाडीही नाही. मनरोव्हिलहून बस येते, पण एक चुकली की दुसरीची वाट बघत स्टॉपवर गारठायचं. मरे अ‍ॅव्हेन्यूवरून ६१ सी आणि ६१ डी या बस जातात, फोर्ब्स अ‍ॅव्हेन्यूवर आलीस की ६१ ए आणि ६१ बी पण मिळतात, आणि चारही ओकलंडला जातात. विद्यापीठाचं ओळखपत्र टॅप केलं की तिकीट लागत नाही. नवऱ्याचं मात्र लागेल, ते खर्चात धर. मार्गांत बदल होत असतात, तेव्हा यायच्या आधी वेळापत्रक एकदा बघून घे.

आता पैशाचं बोलू. शहराच्या हद्दीत राहिलं की पगारावर ३ टक्के स्थानिक कर कापला जातो, १ शहराचा, २ शाळांचा. बाहेरच्या बऱ्याच गावांत तो १ टक्क्याच्या आसपास असतो. मनरोव्हिलवाले हे आवर्जून सांगतात, आणि त्यांचं खरं आहे. पण तिथे गाडी, तिचा विमा, पेट्रोल आणि ओकलंडचं पार्किंग धरलंस की तो फरक कुठल्या कुठे जातो. आम्ही वहीत मांडून बघितलं होतं, तूही मांड.

लेकीची शाळा पत्त्यावर ठरते. मरेच्या आसपासचे बरेच पत्ते कोलफॅक्समध्ये येतात, काही मिनाडिओमध्ये. घरमालकाच्या तोंडी बोलण्यावर जाऊ नकोस, नेमका घरनंबर देऊन शाळांच्या कार्यालयात विचार. लसीकरणाचं कार्ड हातातल्या बॅगेत ठेव. फोर्ब्स आणि मरेच्या कोपऱ्यावर कार्नेगी ग्रंथालयाची शाखा आहे. पहिल्या हिवाळ्यात माझ्या मुलीचं अर्धं बालपण तिथेच गेलं.

घर जुनं आहे म्हणालीस म्हणून हे नीट वाच. १९७८च्या आधीच्या घरात शिशाचा रंग असू शकतो. त्याबद्दल माहिती असलेलं सगळं भाडेकरूला लेखी द्यावं लागतं, तो कागद माग. गरम करायची सोय कशी आहे, रेडिएटर की गरम हवा, आणि गॅसचं बिल कुणाच्या नावावर? मागच्या जानेवारीचं बिल बघायला माग. फूटपाथवरचा बर्फ कोण काढणार ते लीजमध्ये लिहून घे, कारण बर्फ थांबल्यापासून २४ तासांत तो काढायचा असा शहराचा नियम आहे.

आणि डिपॉझिट. आमच्या पहिल्या घरमालकांनी "रंग खराब झाला" म्हणून जवळजवळ सगळं ठेवून घेतलं, आणि आम्ही गप्प बसलो. नंतर कायदा वाचला. पेन्सिल्व्हेनियात पहिल्या वर्षी दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही. घर सोडल्यावर ३० दिवसांत ते परत करायचं, नाहीतर काय नुकसान झालं त्याची यादी द्यायची. त्यासाठी आपण नवा पत्ता लेखी दिलेला असावा लागतो. आम्ही तो फोनवर सांगितला होता. शिरल्या दिवशी प्रत्येक भिंतीचे, नळाचे, ओव्हनच्या आतले फोटो काढ आणि घरमालकांना मेल कर.

आपली माणसं मात्र सोडायची नाहीत. गणपतीला, संक्रांतीला आपण सगळे भेटतोच, आणि मनरोव्हिलच्या दुकानात जाताना शनिवारी कुणाच्या ना कुणाच्या गाडीत जागा असते. पीठ-डाळ महिन्याची भरता येते. कामावर जाणं मात्र रोजचं आहे.

मरे अ‍ॅव्हेन्यूची काकू

*

ताई, काकूंना पूर्ण अनुमोदन, फक्त एक पर्याय सुचवतो. मी स्वतः नॉर्थ ओकलंडला क्रेग स्ट्रीटजवळ राहतो, विटांच्या मोठ्या अपार्टमेंट इमारतीत. लॅब चालत पंधरा-वीस मिनिटं. पण चालणं म्हणजे इथे चढ. तुमच्या लॅबकडे जाणाऱ्या डिसोटो स्ट्रीटला सगळे 'कार्डियॅक हिल' म्हणतात, आणि पहिल्या दिवशी मला ते नाव अगदी पटलं. एकट्या माणसाला नॉर्थ ओकलंड उत्तम, सहा वर्षांच्या मुलीला खेळायला शेजारी कमी. म्हणून मीही स्क्विरल हिलच म्हणेन. बजेट बसत नसेल तर त्याला लागून ग्रीनफिल्ड आहे, तिथे भाडं थोडं कमी पडतं, पण रस्ते फार उतरते. साउथ ओकलंड स्वस्त दिसेल, ते विद्यार्थ्यांचं आहे, लहान मुलीला घेऊन नको.

माउंट लेबनन या उपनगरातल्या घरांच्या जाहिरातीत 'ट्रेनजवळ' असं वाचून फसू नका. ती ट्रेन डाउनटाउनला जाते, ओकलंडला नाही. उतरून बस पकडावीच लागते.

तुमचा इथला क्रेडिट स्कोअर नसेल. ऑफर लेटर आणि विभागाकडून पगाराचं पत्र आधीच मागून ठेवा, बहुतेकांना ते चालतं. आणि घर न बघता पैसे पाठवू नका, कुणीही कितीही घाई केली तरी. विमानतळावरून २८ एक्स ही बस थेट ओकलंडला येते, पण तुमच्या बॅगा बघता मी गाडी घेऊन येतो, फ्लाइट कळवा.

*

काकू, दादा,

नवऱ्याबरोबर रात्री वहीत मांडलं. स्क्विरल हिल महिन्याला थोडं जडच जातंय, पण गाडी धरली की मनरोव्हिल त्याच्याही वर जातं. आज घरमालकांना मेल केला, शिशाचा कागद आणि जानेवारीचं बिल दोन्ही मागितलं. बिल लगेच आलं, कागद 'शोधतो' म्हणाले. तो आल्याशिवाय सही करणार नाही.

काकू, एक विनंती. घर तुमच्यापासून चार गल्ल्यांवर आहे. शनिवारी जाऊन जिन्याचा व्हिडिओ काढाल का? फोटोत पायऱ्या मोजता येत नाहीत, आणि कठडा एकाच बाजूला आहे की दोन्ही, तेही कळत नाही. सासूबाई चढताना डाव्या हाताने कठडा धरतात.

*

शनिवारी नको, उद्याच संध्याकाळी जाते. अंधार पडल्यावर जिन्यात दिवा लागतो का, तेही बघते.