'सार्वजनिक उपासना' म्हणजे नेमकं काय? उद्यानाच्या फलकावरचा एक शब्द

एका उद्यानाच्या फलकाचा मराठी मसुदा माझ्याकडे तपासायला आला आहे. दहा-बारा नियम आहेत. फुलं तोडू नयेत, कुत्र्याच्या गळ्यात पट्टा हवा, अंधार पडल्यावर थांबू नये, असे. ते पाच मिनिटांत हातावेगळे झाले. एका वाक्यापाशी मात्र तीन दिवस अडले आहे: 'उद्यानात परवानगीशिवाय सार्वजनिक उपासनेस मनाई आहे.'

वाचताना काहीच खटकत नाही, आणि खरी अडचण तीच आहे. मी डोळ्यांसमोर ते उद्यान आणलं. बाकावर एक आजी जपमाळ घेऊन बसल्या आहेत. ओठ हलताहेत, आवाज नाही. हिरवळीच्या कडेला एकाने चटई अंथरून नमाज सुरू केली आहे; थोड्या वेळाने चटई गुंडाळून तो आपल्या वाटेने जाईल. झाडाखाली आठ-दहा जण गोल करून बसलेत, त्यांतला एक ग्रंथ वाचतोय, बाकीचे ऐकताहेत. आणि पार टोकाला ध्वनिक्षेपक लावून दोनशे माणसांची सभा चालली आहे. यांतली 'सार्वजनिक उपासना' कोणती? रखवालदाराने हा फलक प्रमाण मानला तर तो कुणाला उठवेल? आजींना उठवणार नाही, असं आपण गृहीत धरतो. पण चटईवाल्याला?

माझ्या मते घोळ 'सार्वजनिक' या शब्दात आहे. मराठीत त्याचे निदान तीन अर्थ चालतात. सार्वजनिक नळ म्हणतो तेव्हा 'सर्वांच्या वापराचा'. सार्वजनिक जीवन म्हणतो तेव्हा 'चारचौघांसमोरचं, जाहीर'. आणि सार्वजनिक उत्सव म्हणतो तेव्हा 'सगळ्यांनी मिळून केलेला'. वाक्यात यांतला कोणता अर्थ आहे हे कळायला मार्ग नाही. जागा सार्वजनिक असल्याने मनाई आहे, उघड्यावर केल्याने, की अनेकांनी मिळून केल्याने?

मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यातलं (10 डिसेंबर 1948) अठरावं कलम काढून पाहिलं. तिथे या दोन जोड्या स्पष्ट वेगळ्या ठेवल्या आहेत: माणूस आपला धर्म एकट्याने किंवा इतरांच्या सोबतीने, आणि जाहीरपणे किंवा खाजगीत, प्रकट करू शकतो. एकटा-समूह ही एक जोडी, जाहीर-खाजगी ही दुसरी. बाकावरच्या आजी एकट्या आहेत पण जाहीर आहेत. घरात जमलेली वीस माणसं समूह आहेत पण खाजगीत आहेत. आपल्या 'सार्वजनिक'ने दोन्ही जोड्यांची एकच मोळी बांधली.

जाणकारांनी मदत करावी. 'सामूहिक', 'जाहीर', 'सामुदायिक' यांतलं काय बसेल?

प्रतिसाद:

'सार्वजनिक'बद्दल पटलं. 'उपासना' हा शब्द मात्र बदलू नका, तो फार चांगला आहे. उप म्हणजे जवळ, आणि आस् हा बसण्याचा धातू. 'आसन' त्यातूनच आलं. उपासना म्हणजे जवळ बसणं. कुणाजवळ, ते ज्याचं त्याने ठरवायचं. त्यात मूर्ती गृहीत नाही, फूल नाही, दिवा नाही. 'पूजा' म्हटलं की हे सगळं डोळ्यांपुढे येतं आणि ज्यांच्या धर्मात मूर्ती नाही ते वाक्याबाहेर पडतात. बौद्धांमध्ये गृहस्थ अनुयायांना उपासक-उपासिका म्हणतात. मराठी ख्रिस्ती मंडळी चर्चमधल्या प्रार्थनेला उपासनाच म्हणतात. आणि संविधानाच्या मराठी उद्देशिकेत 'विश्वास, श्रद्धा व उपासना यांचे स्वातंत्र्य' असंच आहे, ते आपण शाळेपासून म्हणत आलो. विश्वास आणि श्रद्धा मनात राहतात, उपासना शरीराने करायची असते. तिला बसायला जागा लागते, म्हणून प्रश्न उद्यानापर्यंत येतो.

'सामुदायिक' मात्र टाळा.

धागाकर्ती:

'बसणे' लक्षात आलं नव्हतं, आभार! उद्यानात माणूस मुख्यतः बसायलाच येतो.

'सामुदायिक'बद्दल तुमच्या मनात काय आहे ते सांगा. माझीही एक शंका आहे. इंग्रजी 'कम्युनिटी पार्क'साठी मसुद्यात वरती 'सामुदायिक उद्यान' असं लिहिलंय. पण मराठीत समाज, समुदाय म्हटलं की बहुतेकदा एक जात, एक पंथ, एक धर्म असाच अर्थ कानावर येतो. 'अमुक समाजाचं सभागृह' म्हणजे इतरांचं नव्हे. मग 'सामुदायिक उद्यान' वाचून कुणी विचारलं, कोणत्या समुदायाचं, तर? उपासनेचा वाद असलेल्या ठिकाणी हा शब्द आगीत तेल ओतेल. मी 'वस्तीचं उद्यान' सुचवणार आहे.

प्रतिसाद:

अगदी हेच म्हणायचं होतं. 'वस्तीचं' उत्तम. वस्ती म्हणजे जे कुणी राहतात ते सगळे.

प्रतिसाद:

एवढा कीस कशाला पाडायचा? 'धार्मिक कार्यक्रमांना मनाई आहे' लिहा आणि मोकळे व्हा. ज्याला देवाचं काही करायचंय त्याने देवळात, मशिदीत, चर्चमध्ये करावं.

प्रतिसाद:

माझं रोजचं काम कायद्याचं आहे, म्हणून थोडं लांबण लावतो. तुम्ही सुचवलेलं वाक्य एका शहराने जवळजवळ त्याच शब्दांत लिहून पाहिलं आहे, आणि ते शहर हरलं. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात पॉटकेट नावाचं शहर आहे. उद्यानात कुणी राजकीय किंवा धार्मिक सभेपुढे भाषण करू नये, असा तिथे नियम होता. यहोवाचे साक्षीदार या पंथाच्या एका धर्मोपदेशकाने स्लेटर पार्कमध्ये चारेकशे माणसांपुढे बोलायला सुरुवात केली. सभा शांत होती, कुठे गडबड नव्हती. तो काही मिनिटंच बोलला आणि त्याला अटक झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, 1953 साली निकाल लागला: फाउलर विरुद्ध ऱ्होड आयलंड.

शब्दचर्चेच्या दृष्टीने महत्त्वाचं पुढे आहे. सुनावणीत सरकारी बाजूनेच मान्य केलं की कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट मंडळींनी त्याच उद्यानात उपासना केली आणि धर्मगुरूने प्रवचन दिलं, तर नियमभंग होत नाही. मग या पंथाचा का झाला? तर म्हणे तो 'भाषण' देत होता. न्यायमूर्ती डग्लस यांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. एका धर्मगुरूच्या बोलण्याला प्रवचन म्हणून सोडायचं आणि दुसऱ्याच्या बोलण्याला भाषण म्हणून पकडायचं, म्हणजे आडमार्गाने एका धर्माला झुकतं माप देणं, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ.

प्रवचन, कीर्तन, व्याख्यान, भाषण. आपल्याकडे या कामाला शब्द कमी नाहीत. फलक लिहिताना कोणता वापरला यावर कुणाचा बाक जाईल आणि कुणाचा राहील हे ठरतं. म्हणून कीस पाडायलाच हवा.

धागाकर्ती:

हे वाचून अंगावर काटा आला. माझ्या मसुद्यात खाली आणखी एक नियम आहे: 'भाषणे, घोषणा व प्रचार करू नये.' मी तो न थांबता पुढे ढकलला होता. आता वाटतं, झाडाखाली ग्रंथ वाचून समजावून सांगणारा माणूस यात अडकेल की नाही, हे सर्वस्वी रखवालदाराच्या मर्जीवर आहे. ओळखीच्या धर्माचं असेल तर 'प्रवचन', अनोळखी असेल तर 'प्रचार'. आपल्याही तोंडी हेच असतं ना? आपला तो प्रसार, दुसऱ्याचा तो प्रचार. संविधानाने मात्र 'प्रसार' हा एकच शब्द सर्वांना सारखा दिला आहे.

आणखी एक विचारते. मूळ वाक्यात 'परवानगीशिवाय' आहे. मग उपासना हा हक्क राहिला का?

प्रतिसाद:

शब्दांपुरतं सांगतो. 'हक्क' अरबीतून आला, तिथे त्याचा अर्थ सत्य, न्याय्य वाटा असा आहे. जे आपलंच आहे ते मागायचं. 'अधिकार' संस्कृत, त्यात वर असण्याचा भाव आहे. म्हणूनच 'अधिकारी' हा माणूस होतो आणि 'हक्कदार' हा वेगळा माणूस होतो. मराठीत आपण दोन्ही एकाच अर्थी वापरतो, पण उद्यानाच्या दाराशी ते आमनेसामने उभे राहतात: अधिकाऱ्याचा अधिकार आणि बसणाऱ्याचा हक्क. 'मुभा'ही अरबीच, ज्याला आडकाठी नाही असं ते. 'परवानगी' फारसी, परवाना कुणीतरी द्यावा लागतो. जे परवान्याने मिळतं ते परवान्याने जातंही. त्यामुळे 'उपासनेच्या हक्कासाठी परवानगी' या रचनेत दोन शब्द एकमेकांचे पाय ओढतात.

प्रतिसाद:

(वर फाउलरबद्दल लिहिणारा मीच.) पूर्ण सहमत नाही. परवानगी मागितली की हक्क संपला, असं कायदा मानत नाही. ती कोणत्या निकषावर देता, यावर सगळं अवलंबून आहे. अमेरिकेतल्याच मेरीलंड राज्यात, हॅवर द ग्रेस गावात, उद्यानासाठी परवानगी घ्यायची नुसती वहिवाट होती, लेखी नियम काहीच नाही. परिषदेने त्याच पंथाच्या लोकांना बोलावलं आणि जागा कधी हवी, माणसं किती येणार हे विचारण्याऐवजी त्यांच्या मतांची उलटतपासणी घेतली. ध्वजाला वंदन करता का, असंही विचारलं. परवानगी नाकारली. तरीही त्यांनी सभा घेतली आणि त्यांना शिक्षा झाली. 1951 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची शिक्षा रद्द केली, कारण निकषच नव्हता, होती ती केवळ नावड.

याच्या उलट, आवाज, वेळ, जागा यांवर सर्वांना सारखे निर्बंध घालता येतात. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या संगीत कार्यक्रमांसाठी शहराने स्वतःची ध्वनियंत्रणा आणि स्वतःचा तंत्रज्ञ सक्तीचा केला होता. 1989 मध्ये न्यायालयाने ते मान्य केलं. शेजाऱ्यांच्या झोपेला धर्म नसतो.

आणि मालकीबद्दल. 1897 साली बॉस्टन कॉमन या बॉस्टनमधल्या उद्यानात विनापरवाना प्रवचन करणाऱ्याच्या खटल्यात न्यायालयाची दृष्टी अशी होती, की घरमालक जसा आपल्या घरात मनाई करतो तशी नगराला उद्यानात करता येते. 1939 साली हेग (हे एका अमेरिकी महापौराचं आडनाव) खटल्यात न्यायमूर्ती रॉबर्ट्स यांनी लिहिलं की रस्ते आणि उद्यानं पूर्वापार लोकांच्या वापरासाठी विश्वस्त म्हणून सांभाळली गेली आहेत. 'मालक' आणि 'विश्वस्त', हे दोन शब्द शेजारी ठेवा. पहिल्या शब्दाने लिहिलेल्या फलकावर 'मनाई' येते, दुसऱ्याने लिहिलेल्यावर 'नोंद करा' येतं.

प्रतिसाद:

मग कुणी म्हणालं, आम्ही रोज इथेच उपासना करतो तर इथे एक शिळा बसवतो, तर तीही उपासनाच का?

प्रतिसाद:

क्रियापद पाहा, उत्तर तिथेच आहे. उपासना 'करतात', शिळा 'उभारतात'. करून झालं की माणूस उठून जातो आणि जागा पुढच्याला मिळते. उभारलेलं राहतं. अमेरिकेतल्या यूटा राज्यात प्लेझंट ग्रोव्ह गावाच्या उद्यानात बायबलमधल्या दहा आज्ञांची दान मिळालेली शिळा होती. समम नावाच्या पंथाने आपल्याही सात सूत्रांची शिळा लावू द्या म्हटलं. 2009 मध्ये न्यायालयाने एकमताने सांगितलं की उद्यानातलं कायमचं स्मारक हे प्रशासनाचं स्वतःचं बोलणं ठरतं, त्यामुळे प्रत्येकाची शिळा ठेवायला ते बांधील नाही. त्या गावात आधीची शिळा राहिली आणि दुसरी आली नाही, हे मला आजही टोचतं. पण करणे आणि उभारणे यांतला फरक खरा आहे.

धागाकर्ती:

नियमावली ठरवणाऱ्या समितीशी बोलले. त्यांना ना आजींना उठवायचं होतं, ना चटईवाल्याला. त्यांची तक्रार फक्त ध्वनिक्षेपकाची आणि मंडपाची होती, आणि ती तक्रार वाढदिवसांबद्दलही होती. म्हणजे 'उपासना' हा शब्द मनाईच्या वाक्यात यायचं कारणच नव्हतं! नवा मसुदा असा:

'या उद्यानात कोणालाही एकट्याने वा समूहाने प्रार्थना व उपासना करता येते. ध्वनिक्षेपक, मंडप किंवा राखीव जागा हवी असल्यास आधी नोंद करावी. कोणत्याही प्रकारच्या सभेस हा नियम सारखाच लागू आहे. कायमस्वरूपी बांधकाम करू नये.'

भाषणाचा नियम पूर्ण काढला. 'सार्वजनिक'ही काढला. पहिल्या वाक्याबद्दल मात्र समितीतल्या एका सदस्यांनी 'करता येईल' सुचवलंय, अधिक नम्र वाटतं म्हणून. काय ठेवू?

प्रतिसाद:

'येते' ठेवा. 'येईल' म्हटलं की वाचणारा मनात विचारतो, कुणी होकार दिल्यावर? आजी आज सकाळीही तिथे बसल्या होत्या.